फौजेतून घरी आल्यावर : म्हाताऱ्या फौजींच्या घरच्या आठवणी (अनुभव धागा)

आमचे तात्या, म्हणजे माझे सासरे, गेल्या श्रावणात गेले. वय ८७. वीस वर्षं पलटणीत आणि पुढची जवळजवळ पन्नास घरात. दहाव्याला तालुक्यातले माजी सैनिक आले, तिरंगा आणला, १९७१ च्या लढाईवर भाषणं झाली. सगळं नीटच झालं. पण ज्या माणसाला मी तीस वर्षं रोज सकाळी चहा दिला, तो त्या भाषणांत कुठेच सापडेना.

म्हणून हा धागा. रणांगण टाळू नका, पण तिथेच अडकूनही राहू नका. पेन्शन घेऊन गावात किंवा चाळीत उतरल्यावर या माणसांनी काय केलं, कशाचं वेड घेतलं, कुणाशी भांडले, घरच्यांनी काय सोसलं, ते लिहा. पूर्ण नाव नको, आर्मी नंबर तर नकोच. नातं आणि तालुका पुरे. सुरुवात मीच करते.

सून, खटाव (सातारा)

तात्या १ मराठा लाइट इन्फंट्रीतले, म्हणजे जंगी पलटणीतले. डिसेंबर १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, जमालपूरला होते. तिथली चिठ्ठीची गोष्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून निरोप धाडला आणि पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीच्या कर्नल सुलतान अहमदने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री बलुच पलटण दक्षिणेला फुटून निघाली, ती थेट दबा धरून बसलेल्या मराठ्यांच्या पुढ्यात आली.

तात्यांना कुणी ही गोष्ट विचारली की म्हणायचे, "चिठ्ठ्या साहेबलोकांत. आम्ही खड्ड्यात होतो." आणि विषय बदलायचे. एकदाच, माझा मुलगा बारावीत असताना, त्याच्याशी बोलले. सकाळी समोरची माणसं यांनीच पुरली. त्यातल्या एकाचे बूट नवे कोरे होते आणि लेस दोन्ही पायांची अगदी सारखी बांधलेली. एवढंच. त्या लेसबद्दल मात्र बराच वेळ बोलत राहिले.

माझ्या मते त्यांची खरी गोष्ट पुढच्या वर्षीची आहे. ती सासूबाईंनी सांगितली. १९७२ चा दुष्काळ. तात्या सुट्टीवर आले. काळी ट्रंक, होल्डॉल, छातीवर नवी रिबन. घराला कडी. शेजारणीने सांगितलं, बायको दुष्काळी कामावर गेलीय. मनीऑर्डर येत होती, पण बाजारात धान्यच नव्हतं. कामावर मजुरी मिळायची आणि पोरांना सुकडी. तात्या तसेच रस्त्याच्या कामावर गेले. सासूबाई खडी फोडत होत्या, धाकटं पोर कडेला फडक्यात. मुकादम उठून उभा राहिला, बसायला दगड पुढे केला. तात्यांनी टोपी काढली, शर्ट काढून घडी करून त्या दगडावर ठेवला आणि बनियनवर खडी फोडायला बसले. उरलेली सगळी सुट्टी त्यांनी तिथेच काढली. सासूबाई म्हणायच्या, "मला लई लाज वाटली. बाया हसत हुत्या. पर त्या हप्त्याचं माप आमचंच जास्त भरलं."

नंतरची वर्षं गावात टँकर आला की तात्या हजर. "लाइन में! बायका इकडं, पोरं तिकडं." पाइप कुणाच्या बापाचा नाही हे पाटलांच्या सुनेलाही ऐकावं लागायचं. भांडणं झाली, निवडणुकीला पडले, पुन्हा टँकरवर उभे राहिले. घरात आम्हा सुनांना पांघरुणाच्या घड्या चौकोनीच घालाव्या लागत. कडा जुळल्या नाहीत तर काही बोलायचे नाहीत, स्वतः परत घालायचे. ते बोलण्यापेक्षा वाईट.

नात, माणगाव (रायगड), आता डोंबिवली

आमचे आजोबा महायुद्धातले. १९४२ ला भरती, १९४६ ला सुटले. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, म्हणून लिहिते. शिपायाला पेन्शन बसायला पंधरा वर्षं नोकरी लागते. लढाईपुरती घेतलेली हजारो पोरं लढाई संपल्यावर घरी धाडली. पदकं मिळाली, पेन्शन नाही. आजोबा इटली बघून आले आणि लालबागला गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. पुढे कायम झाले. १९८२ चा संप झाला तेव्हा साठीला टेकलेले होते. त्यातून काहीच हाती आलं नाही. म्हणजे दोन नोकऱ्या झाल्या आणि पेन्शन एकाही ठिकाणी नाही. महायुद्धातल्या सैनिकांना राज्य सरकारचं मानधन मिळतं, ते म्हातारपणी सुरू झालं. पहिल्या पैशांत त्यांनी आजीला पाटल्या करायला घेतल्या. आजी म्हणाली, "आता कुठं घालू, हाताला राहायच्या तरी का?"

ते ३/५ मराठात होते, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीत. यशवंत घाडगे यांचीच पलटण, कंपनी वेगळी. घाडगे आमच्याच तालुक्यातले, पळसगाव-आमडोशीचे. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते एकटे मशीनगनवर चालून गेले आणि पडले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला तहसील कचेरीत त्यांचा पुतळा आहे. कचेरीत काम असो नसो, माणगावला गेलं की आजोबा तिथे जाऊन सॅल्यूट ठोकत. सातबाऱ्याच्या रांगेत उभे लोक बघत राहायचे. मला दहावीपर्यंत त्याची फार शरम वाटे.

पण आजोबा म्हटलं की मला आठवते मॅकरोनी. दहा बाय बाराची खोली आणि रविवारी स्टोव्हवर आजोबा स्वतः उभे. टोमॅटो आधी चुलीवर भाजल्यासारखे काळे करायचे, सालं काढायची, लसूण ठेचून तेलात, मग मॅकरोनी. इथपर्यंत इटली. त्यानंतर आजी कडेने येऊन मूठभर सुकट टाकायची. आजोबा रागवायचे आणि दोन वाट्या जास्त खायचे. मला ते "बांबिना" म्हणत, इटालियनमध्ये छोटी मुलगी. चाळीत निम्म्या लोकांना तेच माझं नाव वाटायचं, एका शेजाऱ्यांनी लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरही तेच लिहिलं.

२०१९ ला गेले, वय ९५. २०२३ मध्ये इटलीत मोन्तोने गावी घाडग्यांचं स्मारक झालं, त्यावर घड्याळ आहे, उन्हाचं. ती बातमी त्यांना वाचून दाखवायची राहिली.

बायको, शिरोळ (कोल्हापूर). सांगितलं आजीनं, लिहिलं नातीनं

वरच्या बाईनं सुनांचं लिवलंय, मी बायकूचं सांगत्ये. आमच्याकडं घरटी एक फौजी, त्यात नवल न्हाई. सैनिक टाकळी तर आमच्या शेजारीच. लगीन झालं आनि चौथ्या आठवड्याला मालक गेलं. मग सतरा वर्सं काय, वर्साला दोन म्हयन्यांचा नवरा. पत्ता कायम योकच, ५६ एपीओ. मला वाटायचं ह्यो छप्पन कुठलातरी मोठा गाव असंल. गुरुजींस्नी इचारलं तवा कळलं, ह्यो फौजंच्या टपालाचा पत्ता, मानूस कुठंबी असला तरी त्योच.

पत्र गुरुजी वाचायचं. त्यामुळं मालक पत्रात माझ्याशी काय बोलायचंच न्हाईत. म्हशीचं इचारायचं. "म्हैस गाभण आहे काय? तिची काळजी घे." मला कळायचं कुणाची काळजी ती.

तवर ऊस मी लावला, कारखान्याचं शेअर मी घेतलं, दिराबरुबर बांधाचा दावा मी लढले. मग ह्ये पेन्शनीवर घरी आलं. आलं ते थेट हुकूम. पाचला उठा, साडेपाचला च्या, कनगीला कुलूप. आनि किल्ली मागितली. मी म्हनलं, किल्ली न्हाई मिळायची. सतरा वर्सं कुठं हुता? घरात आठ दिस अबोला. आमची सासू जित्ती हुती, तिनं किल्ली आपल्या कमरंला लावली आनि म्हनली, दोघंबी मागून घ्या माझ्याकडनं. म्हातारी मेली तवा किल्ली परत माझ्याकडं आली, मालकांनी सवताच आनून दिली. त्यावर काय बोलनं झालं न्हाई.

चांगला हुता मानूस. पोरींच्या लग्नात येक रुपाया हुंडा दिला न्हाई, आनि पोराच्यात घेतला न्हाई. भाकरी करायला बी यायची. फौजंच्या सैपाकघरात, लंगरात शिकलेली, जाड व्हायची.

मुलगा, पुणे

सगळं छान छान चाललंय, म्हणून थोडं वेगळं लिहितो. चालत नसेल तर काढून टाका.

आमचे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले. बाहेर फार मान. घरी कॅन्टीनची रम आणि पट्टा. मार्कं कमी पडली की अंगणात उभं राहायचं, तेही सावधानमध्ये. आईला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही, टाळी वाजवायचे. ते सत्तरीच्या पुढे गेल्यावर मवाळ झाले, नातवंडांचे लाडके आजोबा झाले. माझी मुलं त्यांच्याबद्दल जे सांगतात ते ऐकताना मी दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकतोय असं वाटतं. रात्री ओरडत उठायचे, ते मात्र शेवटपर्यंत. त्या काळी याला आजार म्हणत नसत. त्यांना कुणी डॉक्टरकडे नेलं असतं तर काय झालं असतं याचा मी विचार करतो. माफ केलंय का, ते विचारू नका.

सून, खटाव

काढून टाकायचं काहीच कारण नाही. लिहिलंत ते बरं केलंत.

नातू, मूळ पुणे, सध्या टोरांटो

आजोबा बॉम्बे सॅपर्स, म्हणजे फौजेतले इंजिनिअर, खडकी. त्यांच्या लढायांपेक्षा आमच्या घरात पानशेत जास्त बोललं जाई. ११ जुलै १९६१ ला धरणाचा बांध खचायला लागला तेव्हा जवानांना वाळूची पोती रचायला नेलं, त्यात ते होते. अंधार, वरून पाऊस, पोतं खांद्यावर आणि पायाखालची माती चाललेली. रात्रभर रचलं. १२ ला सकाळी धरण फुटलंच. पण ते रात्री न फुटता दिवसाउजेडी फुटलं, म्हणून पुण्यात लोक घरं सोडून पळू शकले, असं आजोबांचं ठाम मत होतं. शनिवार पेठेत, नारायण पेठेत भेटेल त्याला ते हे ऐकवायचे. आजी म्हणायची, तुम्ही काय पुण्याकडून पावती घेणार आहात का?

निवृत्तीनंतर सोसायटीत प्लंबर कधी आला नाही. टाकीची गळती, लिफ्टची कटकट, गच्चीचा उतार, सगळं आजोबा. वस्तू मात्र भलतीच दणकट व्हायची. त्यांनी बाल्कनीत कुंड्यांसाठी केलेला स्टँड बिल्डिंग पुनर्विकासाला गेली तेव्हा जेसीबीने काढावा लागला.

मुलगी, वाळवा (सांगली)

बाबा महार रेजिमेंटचे. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. त्याआधी १११ महार पलटण होती, ती पहिल्या महायुद्धानंतर मोडली होती. भरती पुन्हा उघडावी म्हणून बाबासाहेबांनी किती खटपट केली ते बाबांना तोंडपाठ होतं. रेजिमेंटचं सेंटर सागरला, त्यामुळे आमच्या घरात 'सागरला जायचंय' म्हणजे समुद्रावर नाही, मध्य प्रदेशात.

बाबा मशीनगनवर होते. एका कानाने जवळजवळ ऐकू यायचं नाही, म्हणून आमच्याकडे सगळे मोठ्यांदा बोलतात. सासरी मला लोक भांडखोर समजले ते त्यामुळेच.

सुट्टीवर आले की बाबा गणवेश उतरवायच्या आधी गावातून एक फेरी मारायचे. चावडी, देऊळ, पाटलाचा वाडा, मग घर. घाई नाही, इकडेतिकडे बघणं नाही. आजी सांगायची, पहिल्यांदा हे केलं तेव्हा ती घरात देवाधर्माचं काही न आठवून नुसती घाम पुसत बसली होती. काही झालं नाही. नमस्कार मात्र कुणी केला नाही. गावातल्या लोकांना 'जय भीम, सुभेदारसाहेब' म्हणायला पुढची बरीच वर्षं लागली, आणि पहिल्यांदा म्हणणारा तलाठी होता, कारण त्याला त्याच्या मुलाच्या भरतीबद्दल विचारायचं होतं.

बाबांचं खरं वेड शाळा. ते फौजेत रोमन लिपीतलं हिंदी शिकले होते, डायरीही तशीच लिहायचे. वस्तीतल्या मुलींना संध्याकाळी ओसरीवर इंग्रजी अक्षरं शिकवायचे, बाराखडीच्या आधी. मास्तर म्हणायचे चुकीची पद्धत आहे. असेलही. त्या ओसरीवरच्या तिघीजणी आज नर्स आहेत, एक पोलिसात आहे आणि मी हे लिहितेय. दर १ जानेवारीला भीमा कोरेगावला बेरे आणि पदकं घालून जायचे. नव्वदीतही नेलं त्यांना, व्हीलचेअरवरून. गर्दीत पोरं सेल्फी मागत होती, तर प्रत्येकाला आधी, "शिक्षण किती?"

मुलगा, दापोली (रत्नागिरी)

आमचे अण्णा नौदलात, इंजिनरूमला. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी बुडाली. तिचे कॅप्टन मुल्ला धरून १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. अण्णांच्या बरोबर भरती झालेला एक मित्र त्यात होता. अण्णा दुसऱ्या जहाजावर. दर ९ डिसेंबरला ते मासे खायचे नाहीत. कोकणातला माणूस, म्हणजे बघा.

बाकी वर्षभर हर्णै बंदरात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचे. पैसे घ्यायचे नाहीत, पापलेट घ्यायचे.

मुलगा, नाशिक

तोफखाना, देवळाली. आमच्या नानांची गंमत वयाची. भरतीला गेले तेव्हा वय कमी भरत होतं, म्हणून दोन वर्षं वाढवून सांगितलं. जन्मतारीख अर्थातच १ जून. आता पेन्शनचा नियम असा की ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला पुरे शंभर टक्के. नानांना प्रत्येक वाढ दोन वर्षं आधी मिळाली. "सरकारने माझं वय मान्य केलंय, तुम्ही कोण विचारणार?"

त्यांचा डोळा शंभरीवर होता. त्यासाठी तूप बंद, रात्री मुगाची खिचडी, रोज गंगापूर रोडला चालणं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला मशीनवर बोटं उमटायची नाहीत. ठसे झिजलेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, मशीन म्हणतंय तुम्ही नाही आहात." नाना म्हणाले, "मशीनला म्हणावं, १९६५ लाही एकदा असाच निरोप घरी आला होता." तो निरोप खराच आला होता. आईने तेव्हा कुंकू पुसलं नाही, पत्र चुलीत घातलं. पुढे दीड महिन्याने नाना स्वतःच दारात.

कागदावर ९७ ला गेले. खरे ९५.

नातसून, परभणी

वाचून धीर आला म्हणून विचारते. आमच्याकडे आजेसासऱ्यांचा एक फोटो आणि एक पदक एवढंच आहे. मराठा रेजिमेंटला होते इतकं माहीत आहे. कुठे लढले, कधी सुटले, काही कळायचा मार्ग आहे का? घरात डिस्चार्ज बुक सापडत नाही.

सून, खटाव

आहे. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे माजी सैनिक म्हणून नोंद असेल तर निम्मं काम होतं. नाहीतर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा, नातं दाखवणारे कागद जोडून. डिस्चार्ज बुक आहे का ते पुन्हा शोधा, लहान वहीएवढं असतं. आमचं गव्हाच्या कोठीत सापडलं. त्यात भरतीची तारीख, उंची, अंगावरच्या खुणा आणि वागणुकीचा शेरा असतो. तात्यांच्या शेऱ्यात 'एक्झेम्प्लरी' लिहिलंय, ते सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "तिथं आसंल."

सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे नंबर. तो नसेल तर पदक हातात घेऊन कडेने उजेडात फिरवा. स्वातंत्र्यानंतरच्या पदकांच्या कडेला नंबर आणि नाव कोरलेलं असतं. मात्र घरात कुणी ब्रासो लावत असेल तर आजच थांबवा. आमच्या तात्यांनी दर रविवारी इतकं घासलं की शेवटचे दोन आकडे गेलेत, आणि ते कोणते होते यावर माझे दोन्ही दीर अजून भांडतात.